आतली स्थिती असलेल्या कोडची युनिट टेस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युनिट टेस्ट म्हणजे कोडचा एक छोटा भाग सुटा चालवून तो बरोबर वागतो का हे तपासणारा कोड. टीममध्ये नवीन आलेल्यांचा कोड पाहताना हेच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. उदाहरणं जावा आणि पायथनची जास्त आहेत, कारण माझं रोजचं काम त्यांतच चालतं. मुद्दे मात्र कुठल्याही भाषेत लागू पडतील.

'आतली स्थिती' म्हणजे नेमकं काय?

आठवण. रकमेवर १८ टक्के जीएसटी काढणाऱ्या फंक्शनला १,००० दिले की १८० मिळतात, पहिल्यांदा विचारा की शंभराव्यांदा. त्याला मागचं काही आठवत नाही. एटीएमचा पिन तपासणारा कोड तसा नसतो. तेच कार्ड, तोच बरोबर पिन, पण आधी तीनदा चुकीचा पिन टाकला गेला असेल तर उत्तर वेगळं येतं. आधी काय घडलं यावर उत्तर अवलंबून असेल, तर त्या कोडला आतली स्थिती आहे असं समजावं. ती प्रायव्हेट फिल्डमध्ये (क्लासच्या आतूनच वापरता येणाऱ्या जागेत) असेल, स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये (सगळ्या ऑब्जेक्टना मिळून एकच असणाऱ्या जागेत) असेल, कॅशेमध्ये (पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवलेल्या उत्तरांत) किंवा सिस्टिमच्या घड्याळातही असेल.

एवढं लक्षात आलं की टेस्ट कशी लिहायची हा प्रश्न अर्धा सुटतो. ज्याला आठवण आहे त्याची परीक्षा घ्यायची, तर आधी इतिहास घडवायचा आणि मग प्रश्न विचारायचा.

अशा कोडची टेस्ट अवघड का जाते?

कारण शितावरून भाताची परीक्षा इथे होत नाही. जीएसटीच्या फंक्शनची चार-पाच मोक्याची इनपुट तपासली की बाकीची तशीच वागतील असा भरवसा धरता येतो. पिनच्या क्लासला 'बरोबर' आणि 'चूक' अशी दोनच इनपुट आहेत, पण सहा प्रयत्नांचे क्रम ६४ होतात आणि दहा प्रयत्नांचे १,०२४. इनपुट तेच राहतात, इतिहास वाढत जातात. त्यातले कुठले इतिहास खरोखर वेगळे आहेत हे ओळखणं, हेच इथलं खरं कौशल्य आहे.

एक उदाहरण पूर्ण दाखवाल का?

हो, पिनचंच घेऊ. नियम असे: तीनदा लागोपाठ चुकीचा पिन टाकला की कार्ड बंद, मध्ये एकदा बरोबर टाकला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून, बंद झालेलं कार्ड २४ तासांनी उघडतं. क्लासचं नाव पिनरक्षक. बाहेरून दिसणारी मेथड एकच, 'तपास', जी होकार किंवा नकार देते. आत एक काउंटर आणि एक वेळ, दोन्ही प्रायव्हेट.

बहुतेकांची पहिली टेस्ट अशी असते: तीनदा चुकीचा पिन टाका, मग काउंटर ३ आहे का ते पाहा. मी ती अशी लिहायला सांगते:

बरोबर पिन ४८२१
१२३४ टाकला
१२३४ टाकला
१२३४ टाकला
४८२१ टाकला, तर नकार यायला हवा

शेवटची ओळ महत्त्वाची. कार्ड बंद झालं याचा अर्थच हा की आता बरोबर पिनही चालत नाही. चौथ्या वेळी चुकीचाच पिन टाकून 'नकार आला' असं तपासलं, तर ती टेस्ट काहीच सिद्ध करत नाही. चुकीच्या पिनला नकार तर नेहमीच येतो. असली टेस्ट मी कितीतरी ठिकाणी पाहिली आहे. हिरवी, म्हणजे पास, दिसते आणि सगळ्यांना निर्धास्त करते, पण कार्ड बंद करणारी अख्खी अट कोडमधून काढून टाकली तरी ती हिरवीच राहते. आपल्या टेस्टबद्दल शंका असेल तर हाच प्रयोग करा: जी ओळ तपासतोय असं वाटतं ती कोडमधून काढा आणि टेस्ट लाल, म्हणजे फेल, होते का ते पाहा.

दुसरी टेस्ट याहून मोलाची: चूक, चूक, बरोबर, चूक, चूक, बरोबर. शेवटी होकार यायला हवा. बरोबर पिननंतर काउंटर शून्यावर आणायला कोणी विसरलं असेल, तर ते याच क्रमात पकडलं जातं. ही चूक सर्रास होते, आणि एकेक मेथड सुटी सुटी तपासून ती कधीच सापडत नाही, कारण प्रत्येक पाऊल वेगळं पाहिलं तर बरोबरच असतं.

तिसरी: चूक, चूक, बरोबर. होकार. म्हणजे दोन चुकांवरच कार्ड बंद होत नाही ना याची खात्री.

या तीन टेस्टमध्ये काउंटरचं नावही आलेलं नाही.

पण काउंटर थेट वाचला तर काय बिघडतं? रिफ्लेक्शनने सहज वाचता येतो.

वाचता येतो, हे खरं. रिफ्लेक्शन म्हणजे चालू प्रोग्रॅममधून क्लासच्या आतल्या गोष्टी नावाने शोधून वाचण्याची सोय. पायथनमध्ये दोन अधोरेषांनी सुरू होणारं नावसुद्धा क्लासचं नाव पुढे जोडून बाहेरून मिळवता येतं. जावाच्या स्प्रिंग या फ्रेमवर्कमध्ये तर त्यासाठी तयार मदतनीस क्लास आहे.

बिघडतं ते नंतर. उद्या कोणी सांगितलं, 'लागोपाठ तीन पुरेसे नाहीत, ते दहा मिनिटांच्या आत झालेले हवेत', की काउंटरच्या जागी वेळांची यादी येईल. वर लिहिलेल्या तिन्ही टेस्ट हात न लावता चालतील, कारण त्यांतले प्रयत्न एकामागून एक, दहा मिनिटांच्या आतच होतात. काउंटर वाचणारी प्रत्येक टेस्ट मात्र मोडेल आणि त्यातली एकही खरा दोष दाखवत नसेल. असं दोन-तीनदा झालं की टीम टेस्टवर विश्वास ठेवणं सोडून देते. लाल दिसलं की 'टेस्ट जुनी झाली असेल' म्हणून अपेक्षित आकडाच बदलला जातो. ही सवय एकदा लागली की मोडायला फार जड जाते.

कुकरमध्ये काय चाललंय हे आपण झाकण उघडून पाहत नाही, शिट्ट्या मोजतो. शिट्टी हा कुकरचा बाहेरच्यांशी झालेला करार आहे. टेस्टने त्या कराराशी बोलावं.

रिफ्लेक्शनबद्दल एक व्यावहारिक गोष्टही सांगते. जावा १६ पासून, म्हणजे २०२१ पासून, जेडीकेच्या (जावाच्या मूळ संचाच्या) स्वतःच्या क्लासच्या पोटात असं शिरणं मुळातच बंद केलेलं आहे. आवृत्ती वाढवताना ज्या टेस्ट धडाधड कोसळल्या, त्यांत अशा डोकावणाऱ्या टेस्ट आणि लायब्ररी पुष्कळ होत्या.

मग फक्त टेस्टसाठी एखादा गेटर (आतली किंमत बाहेर सांगणारी मेथड) घातला तर?

आधी स्वतःला विचारा: ही माहिती टेस्टखेरीज आणखी कोणाला हवी आहे का? 'तुमचे २ प्रयत्न उरले आहेत' हे ग्राहकाला दाखवायचं असेल, तर 'उरलेले प्रयत्न' ही मेथड क्लासचा हक्काचा भाग आहे. खुशाल घाला आणि तपासा. फक्त टेस्टलाच हवी असेल तर नको. 'टेस्टसाठी उघडं ठेवलं आहे' अशी ग्वाव्हा या जावा लायब्ररीमधली खूणचिठ्ठी लावून फिल्ड उघडं करणारे असतात, पण ती चिठ्ठी कोणाला अडवत नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्या मॉड्यूलमधला कोड तेच फिल्ड वापरताना सापडतो.

प्रायव्हेट मेथडची टेस्ट लिहावी का?

सहसा नाही. ती इतकी गुंतागुंतीची असेल की स्वतंत्र टेस्ट हवीशी वाटते, तर ती वेगळ्या क्लासमध्ये जायला निघाली आहे असं समजा आणि तिला जाऊ द्या. रस्ट या भाषेत त्याच मॉड्यूलच्या आत टेस्ट लिहिण्याची पद्धत आहे आणि गो या भाषेत त्याच पॅकेजमध्ये लिहिता येते, त्यामुळे तिथे आतल्या गोष्टी सहज दिसतात. दिसतात म्हणून तपासायच्याच असं नाही.

वेळ आत दडलेली असेल तर? २४ तास थांबायचं कसं?

थांबायचं नाही, घड्याळच बाहेरून द्यायचं. जावा ८ मध्ये २०१४ साली जो वेळेचा नवा संच आला, त्यात 'क्लॉक' नावाचा क्लास आहे. पिनरक्षकाने थेट 'आत्ता किती वाजले' असं सिस्टिमला विचारण्याऐवजी कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट बनवतानाच) मिळालेल्या क्लॉकला विचारायचं. प्रत्यक्षात सिस्टिमचं घड्याळ द्या, टेस्टमध्ये आपण पुढे सरकवू तेवढंच सरकणारं द्या. मग कार्ड बंद करा, घड्याळ २३ तास ५९ मिनिटं ५९ सेकंद पुढे न्या आणि नकार तपासा. आणखी एक सेकंद पुढे न्या आणि होकार तपासा. दोन्ही टेस्ट काही मिलिसेकंदांत संपतात. 'बरोबर २४ तासांनी उघडायचं, की २४ तास उलटून गेल्यावर?' हा प्रश्नही टेस्ट लिहितानाच पडतो आणि तो ग्राहकाला विचारावा लागतो. बऱ्याचदा त्याचा विचार कोणीच केलेला नसतो.

टेस्टमध्ये 'स्लीप' घालून थांबू नका. यंत्र धीमं असलं की ती टेस्ट खोटं बोलते, आणि वेगवान असलं तरी सगळ्यांचा वेळ खातेच.

भारतात बसून काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपली वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे आहे. रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात आपल्याकडे तारीख बदललेली असते, यूटीसीवर चालणाऱ्या बिल्ड सर्व्हरवर (सगळ्यांचा कोड एकत्र करून टेस्ट चालवणाऱ्या यंत्रावर) ती कालचीच असते. टेस्टने तारीख स्थानिक वेळेने बनवली आणि कोडने यूटीसीने, तर दिवसभर हिरवी असलेली टेस्ट फक्त त्या साडेपाच तासांत लाल होते. रात्रपाळीला अमेरिकेतल्या टीमबरोबर काम करणाऱ्यांना ती दिसते, सकाळी दहाला येणाऱ्यांना दिसत नाही. 'माझ्याकडे तर चालतंय' हे दोघांचंही म्हणणं खरं असतं. घड्याळ आणि टाइमझोन दोन्ही बाहेरून दिलेत की हा घोळच राहत नाही.

टेस्ट एकटी चालवली तर पास होते, सगळ्यांबरोबर चालवली की फेल. असं का?

कारण कुठल्या तरी आधीच्या टेस्टने मागे काहीतरी सोडलं आहे. या प्रश्नावर जरा थांबते, कारण इथे मी स्वतः एकदा ठेच खाल्ली आहे.

केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ साली जेयुनिट हे जावाच्या टेस्ट चालवणारं साधन लिहिलं, तेव्हापासून त्याचा एक नियम आहे: प्रत्येक टेस्ट मेथडसाठी टेस्ट क्लासचा नवा कोरा ऑब्जेक्ट बनतो. त्यामुळे टेस्ट क्लासच्या साध्या फिल्डमधलं काही दुसऱ्या टेस्टपर्यंत पोहोचत नाही. पायथनमधलं पायटेस्टही असंच करतं. जावातलंच दुसरं साधन टेस्टएनजी मात्र एकच ऑब्जेक्ट सगळ्या मेथडसाठी वापरतं. जेयुनिटवरून तिकडे गेलेल्यांना हे माहीत नसतं आणि मग आश्चर्याचे धक्के बसतात. स्टॅटिक फिल्ड मात्र कुठेच पुसलं जात नाही. प्रोसेस जिवंत असेपर्यंत ते तसंच राहतं.

मी तेव्हा विम्याचा हप्ता काढणाऱ्या एका प्रणालीवर होते. हप्त्याचे दर एका स्टॅटिक मॅपमध्ये साठवले जायचे. शुक्रवारी संध्याकाळी बिल्ड लाल झाली: एका टेस्टला हप्ता ५,४०० अपेक्षित होता, मिळाला ४,८६०. माझ्या लॅपटॉपवर तीच टेस्ट हिरवी. पुन्हा चालवली, सर्व्हरवर पुन्हा लाल. ५,४०० मधून १० टक्के वजा केले की ४,८६० होतात हे मला सोमवारी उमगलं. कर्मचाऱ्यांच्या सवलतीची टेस्ट आधी चालली की ती सवलतीचा दर त्याच मॅपमध्ये ठेवून जायची आणि पुढच्या टेस्टला तो मिळायचा. लॅपटॉपवर टेस्ट क्लास वेगळ्या क्रमाने चालत होते, एवढाच फरक.

सोमवारपर्यंत मात्र मी ती टेस्ट तात्पुरती बंद करून ठेवली होती आणि बिल्ड हिरवी करून घरी गेले होते. ती चूक मला आजही बोचते. कारण तो मॅप प्रत्यक्ष सर्व्हरवरही सगळ्या ग्राहकांना मिळून एकच होता. सवलत मिळालेल्या ग्राहकानंतर त्याच योजनेचा हप्ता विचारणाऱ्याला कमी रक्कम दिसू शकत होती. 'कधी चालते, कधी नाही' म्हणून आम्ही जिला नावं ठेवली, ती टेस्ट पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती.

म्हणून अशी टेस्ट बंद करण्याआधी गुन्हेगार शोधा. कृती सरळ आहे. फेल होणाऱ्या टेस्टच्या आधी चालणाऱ्या टेस्टची यादी घ्या, तिचे दोन भाग करा, प्रत्येक भाग फेल होणाऱ्या टेस्टसोबत चालवा. ज्या भागासोबत ती फेल होते तो भाग पुन्हा अर्धा करा. दोषी एकच असेल तर ४०० टेस्टमधून ९ फेऱ्यांत तो हाताला लागतो.

टेस्ट ठरावीक क्रमाने चालवल्या तर प्रश्न मिटेल ना?

झाकला जाईल. २०११ साली जावा ७ आलं आणि रिफ्लेक्शनमधून मिळणाऱ्या मेथड लिहिलेल्या क्रमानेच येतील हा समज मोडला. त्या क्रमावर नकळत विसंबलेल्या असंख्य टेस्ट तेव्हा फुटल्या. त्यावर जेयुनिट ४.११ ने क्रम पक्का केला, पण तो मुद्दामच अंदाज बांधता येणार नाही असा ठेवला.

मी उलटं सुचवते: क्रम रोज पिसा. गोमध्ये १.१७ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, टेस्टच्या आज्ञेतच 'शफल'ची सोय आहे. पायटेस्टला त्यासाठी 'रँडमली' नावाचं प्लगइन मिळतं. दोन्ही ज्या सीडने (सुरुवातीच्या आकड्याने) क्रम पिसला तो छापतात, त्यामुळे फेल झालेला क्रम जसाच्या तसा पुन्हा घडवता येतो. जुन्या प्रोजेक्टवर हे पहिल्यांदा सुरू केलं की पहिले काही दिवस त्रास होतो. तो सोसा.

सिंगलटनचं काय करायचं?

सिंगलटन म्हणजे अख्ख्या प्रोग्रॅममध्ये ज्याचा एकच ऑब्जेक्ट असतो असा क्लास; खरं तर छान नाव मिळालेलं ग्लोबल व्हेरिएबल. अडचण 'एकच ऑब्जेक्ट असणं' ही नाही; अडचण आहे ती प्रत्येकाने आपापल्या परीने जाऊन तो उचलण्याची. ऑब्जेक्ट एकच बनवा, पण मुख्य ठिकाणी बनवून ज्याला हवा त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये द्या. मग टेस्ट स्वतःचा वेगळा, कोरा ऑब्जेक्ट देऊ शकते.

सिंगलटनमध्ये 'रीसेट' नावाची मेथड टेस्टसाठी घातलेली दिसली की समजायचं, त्रास सगळ्यांना कळला होता, उपाय अर्धवट राहिला. रीसेट करायला कोणीतरी कधीतरी विसरतंच. पायटेस्टचं 'मंकीपॅच' बदललेली किंमत टेस्टच्या शेवटी आपोआप पूर्ववत करतं, म्हणून अगदी नाइलाज असेल तिथे ते बरं.

मॉक कधी वापरावा?

मॉक म्हणजे खऱ्या भागाच्या जागी टेस्टमध्ये दिलेला नकली भाग. तो वापरावा क्लासच्या बाहेर जे परिणाम होतात ते पाहण्यासाठी. कार्ड बंद झालं की ग्राहकाला एसएमएस जातो असं समजा. एसएमएस पाठवणारा भाग टेस्टमध्ये नकली द्या, जो फक्त आलेले संदेश एका यादीत ठेवतो. दोन चुकांनंतर यादी रिकामी. तिसऱ्या चुकीनंतर एक संदेश. चौथ्या, पाचव्या चुकीनंतरही एकच. हा शेवटचा तपास कोणी करत नाही आणि मग ग्राहकाला रात्री अकरा वाजता एकामागून एक संदेश येत राहतात.

असा हाताने लिहिलेला दहा ओळींचा नकली क्लास मला मॉकिटो या जावा लायब्ररीच्या लांबलचक तयारीपेक्षा बहुतेक वेळा जास्त वाचनीय वाटतो. ज्या क्लासची टेस्ट चालू आहे त्याच्याच पोटातल्या गोष्टी मॉक करू नका. मग टेस्ट कोडचीच दुसरी प्रत होते आणि कोड चुकला तर सोबत टेस्टही तशीच चुकते. मॉकिटो ३.४ पासून, २०२० पासून, स्टॅटिक मेथडही मॉक करता येतात. जुन्या कोडला हात घालताना ती सोय उपयोगी आहे. नव्या कोडमध्ये तिची गरज भासली, तर आधी रचनेकडे पाहा.

सगळे क्रम हाताने लिहिणं अशक्य आहे. मग?

पहिलं काम कागदावर करा. अवस्था किती आहेत ते लिहा: आमच्या पिनरक्षकाला शून्य चुका, एक चूक, दोन चुका आणि बंद अशा चार. प्रत्येक अवस्थेत कुठल्या घटना घडू शकतात ते लिहा: बरोबर पिन, चुकीचा पिन, २४ तास उलटणं. चार गुणिले तीन, बारा चौकटी. प्रत्येक चौकटीत पुढची अवस्था भरा. एखादी चौकट भरताना हात थांबला, तर तिथे बहुधा बग असतो किंवा नियमच ठरलेला नसतो. 'दोन चुका झाल्या आणि मग २४ तास गेले' या चौकटीत काय येईल? वर दिलेल्या नियमांत याचं उत्तर नाही, तुम्ही पुन्हा वाचून पाहा.

दुसरं काम यंत्राला द्या. पायथनच्या हायपोथेसिस लायब्ररीत स्थिती असलेल्या कोडसाठी खास सोय आहे. तुम्ही घटना सांगायच्या आणि कायम खरी राहिली पाहिजे अशी गोष्ट सांगायची, उदाहरणार्थ 'बंद कार्डावर २४ तासांच्या आत होकार कधीच येत नाही'. लायब्ररी यादृच्छिक क्रम रचून चालवते आणि काही मोडलं तर तो क्रम कमी करत करत लहानात लहान क्रम हातात देते. या पद्धतीचं मूळ हॅस्केल या भाषेतल्या क्विकचेक या लायब्ररीत आहे. कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी त्यावरचा शोधनिबंध २००० साली मांडला. पंचेचाळीस पावलांचा क्रम आटत आटत चार पावलांवर येतो तेव्हा बग इतका स्पष्ट दिसतो की डीबगर उघडावाच लागत नाही.

बग शेकडो पावलांनंतरच दिसत असेल तर?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

थेराक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारं कॅनेडियन यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याच्यामुळे सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा बसली आणि त्यातले काही दगावले. कारणं अनेक होती. त्यातलं एक, जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या याकिमा इथल्या अपघातामागचं, असं: यंत्राचा एक भाग जागेवर आहे की नाही हे तपासायचं का, हे सांगणारं एक व्हेरिएबल होतं. शून्य नसेल तर तपासायचं, शून्य असेल तर नाही. तयारीच्या प्रत्येक फेरीत त्याला ठरावीक किंमत देण्याऐवजी त्यात एक मिळवला जायचा. व्हेरिएबल एका बाइटचं. त्यामुळे दर २५६ व्या फेरीला ते शून्यावर यायचं आणि नेमक्या त्या क्षणी ऑपरेटरने बटण दाबलं तर तपासणी गळायची. दुरुस्ती एवढीच होती की मिळवण्याऐवजी शून्येतर किंमत थेट द्यायची.

आता पाहा, हायपोथेसिस मुळात एका क्रमात जास्तीत जास्त ५० पावलं टाकतं. २५६ व्या पावलावरचा बग त्याला दिसणारच नाही. पावलं वाढवता येतात, पण सगळीकडे ते परवडत नाही. उपाय वेगळा आहे: सुरुवातच कड्याच्या जवळून करा.

लिनक्स कर्नल हेच करतं. त्यात बूट झाल्यापासूनचे ठोके मोजणारा 'जिफीज' नावाचा काउंटर आहे. ३२ बिटांचा असेल आणि सेकंदाला १०० ठोके असतील तर तो सुमारे ४९७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर येतो. एवढे दिवस कोणी टेस्ट चालवणार नाही. म्हणून कर्नल त्याला शून्यापासून सुरू करतच नाही. अशा आकड्यापासून सुरू करतं की बूट झाल्यावर पाचच मिनिटांत तो फिरून शून्यावर यावा. ज्या ड्रायव्हरला ते झेपत नाही तो लिहिणाऱ्याच्या टेबलावरच पहिल्या पाच मिनिटांत पडतो. याउलट, २०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने बोइंग ७८७ साठी आदेश काढला होता: सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटर नियंत्रकातला काउंटर भरून विमानाची वीज जाऊ शकते, म्हणून त्याआधी ती एकदा बंद करून सुरू करा. सेकंदाचे शंभरावे भाग ३२ बिटांच्या चिन्हांकित आकड्यात मोजले तर तो २४८ दिवसांनीच भरतो.

आपल्या कोडमध्ये हे करायचं तर काउंटरची सुरुवातीची किंमत कन्स्ट्रक्टरमधून देता यायला हवी, किंवा साठवलेल्या नोंदीवरून ऑब्जेक्ट उभा करता यायला हवा. पावतीचा क्रमांक ९९९९ नंतर काय होतो? ९९९८ पासून सुरू करून तीन पावत्या फाडा.

पण मग आतल्या स्थितीला हात लावलाच की, असं कोणी म्हणेल. फरक आहे. डेटाबेसमधून ऑब्जेक्ट पुन्हा उभा करणं हा प्रत्यक्ष कामातलाच रस्ता असतो, टेस्ट त्याच रस्त्याने येते. मागच्या भिंतीला भोक पाडत नाही.

रँडम आकडे वापरणारा कोड?

घड्याळासारखंच. आकडे देणारा भाग बाहेरून द्या, टेस्टमध्ये सीड पक्का करा.

दोन थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारी कामं) एकाच वेळी स्थिती बदलत असतील तर?

युनिट टेस्ट इथे फार थोडं सिद्ध करू शकते, आणि हजार वेळा हिरवी आली तरी खात्री होत नाही. निर्णय घेणारा कोड आणि लॉक लावणारा (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारा) कोड वेगळे करा. निर्णयाचा भाग एका थ्रेडमध्ये वर सांगितल्याप्रमाणे कसून तपासा. लॉकसाठी गोमधल्या रेस डिटेक्टरसारखी (थ्रेडची अशी टक्कर पकडणारी) साधनं वापरा. आणि लक्षात असू द्या की रस्टची 'कार्गो टेस्ट' ही आज्ञा टेस्ट मुळातच अनेक थ्रेडमध्ये चालवते, त्यामुळे तिथे ग्लोबल स्थिती असेल तर टेस्टच एकमेकींच्या पायात येतात.

जुना कोड आहे, तीन हजार ओळींचा क्लास, चाळीस फिल्ड, टेस्ट एकही नाही. सुरुवात कुठून करू?

शिवण शोधा. जुन्या कोडवर पुस्तक लिहिणाऱ्या मायकेल फेदर्स यांनी २००४ साली यालाच 'सीम' म्हटलं: मूळ कोड त्या जागी न बदलता त्याचं वागणं बदलता येईल अशी जागा. कपडा शिवणीवर उसवला तर फाटत नाही, तसंच इथे. डेटाबेसला जाणारी ओळ एका छोट्या प्रोटेक्टेड मेथडमध्ये काढली की टेस्ट तेवढीच मेथड बदलू शकते. घड्याळ ही जवळपास नेहमी सापडणारी पहिली शिवण.

मग कोड आज जे करतो तेच टेस्टमध्ये लिहा, बरोबर असो वा चूक. मुद्दाम खोटी अपेक्षा लिहा, टेस्ट चालवा, मिळालेलं उत्तर अपेक्षा म्हणून उतरवा. नेहमीच्या वापरातले चार-पाच इतिहास असे बांधून घेतले की मग हळूहळू एकेका फिल्डचा गट वेगळ्या क्लासमध्ये हलवता येतो.

हे करताना उघड चूक दिसली, समजा सरकवलेल्या हप्त्यावर विलंब शुल्क दोनदा लागतंय, तर लगेच दुरुस्त करू नका. टेस्टमध्ये चुकीचाच आकडा राहू द्या आणि टेस्टच्या नावात तसं स्पष्ट लिहा: 'विलंब शुल्क आज दोनदा लागतं'. मग ज्यांचा तो व्यवहार आहे त्यांना दाखवा; दुसरं एखादं खातं त्याच आकड्यावर हिशोब जुळवत असू शकतं. दुरुस्ती ठरली की ती वेगळ्या कमिटमध्ये (स्वतंत्र नोंदवलेल्या बदलात) करा, त्यात कोडची एक ओळ, टेस्टमधला आकडा आणि टेस्टचं नाव, एवढंच बदललेलं असू द्या.